पिवळ्या गोळीची पाळी

दादाच्या डोक्याला मार लागलेला नव्हता. सोलापूरच्या डॉक्टरांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मी ते घरात प्रत्येकाला सांगितलं. कुणी मानलं नाही. मी धाराशिवला शाळेत जीवशास्त्र शिकवते, फळ्यावर हृदय आणि रक्तवाहिन्या काढून दाखवण्यात माझी वर्षं गेली. पण माझ्या माहेरात माझ्या शिकण्याला पगारापुरतीच किंमत आहे.

माहेर माकणीच्या धरणापासून फार लांब नाही. वडील आणि चुलते वेगळे झाले तेव्हा जमीन वाटली, बैलं वाटली, आंब्याची झाडंसुद्धा मोजून वाटली. विहीर मात्र वाटता आली नाही. ती सामाईक राहिली आणि पाण्याच्या पाळ्या ठरल्या. दोन मोटारी, एक विहीर, आणि लाइट येईल तेवढाच वेळ. त्या सकाळी पाळी कुणाची होती यावर गावात अजून दोन मतं आहेत. आदल्या दिवशी लाइट मध्येच गेली होती, म्हणून दादाचं म्हणणं की त्याची पाळी अर्धी राहिली. चुलतभावाचं म्हणणं, लाइट गेली तो तुझ्या नशिबाचा भाग, आजची पाळी माझी. त्यानं स्टार्टरच्या पेटीपाशी जाऊन दादाची मोटार बंद केली.

दादाच्या हातात टिकावाचा दांडा होता. त्यानं तो चुलतभावाच्या उजव्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू गेला. चुलतभाऊ गुडघ्यावर बसला, आणि दादानं दांडा पुन्हा उचलला. या वेळी डोक्यावर. तो घाव पडला असता तर आज मी वेगळ्या माणसासाठी सुतकात बसले असते. पण दांडा वर गेला आणि तिथंच राहिला. दादा किंचाळला, दोन्ही हातांनी मान धरली आणि उसाच्या सरीत तोंडावर पडला. डोक्यात तेरखेड्याचा सुतळी बॉम्ब फुटला, असं तो पुढे मला म्हणाला. आधी उजेड झाला आणि मग आवाज.

वहिनी वावराच्या दुसऱ्या टोकाला खुरपत होत्या. त्यांना दिसलं ते एवढंच: दोन माणसं एकमेकांना भिडलेली, एक दांडा वर, धूळ, आणि नवरा खाली. त्या ओरडत धावल्या, "मारलं वो, मारलं! माझ्या मालकाला मारलं!" त्या विहिरीपर्यंत पोचायच्या आधी ती आरोळी गावात पोचली. पुढे जे जे झालं ते त्या आरोळीमागून चालत आलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला संगणकावर मेंदूचे फोटो दाखवले. मेंदूच्या बुडाशी एका नळीला फुगा आला होता. वर्षानुवर्षं असेल, म्हणाले, कुणाला कळतही नाही. रागाच्या भरात रक्तदाब चढला असेल आणि तो फुटला. कवटी उघडून फुग्याच्या मानेला धातूची चिमटी लावली. ते काम चांगलं झालं. मी हात जोडायला लागले तर डॉक्टर म्हणाले, "थांबा मॅडम. खरी भीती पुढच्या दोन आठवड्यांची आहे."

मग त्यांनी ते मला समजावून सांगितलं. नळीबाहेर सांडलेलं रक्त मेंदूच्या घड्यांत साचतं आणि तिथंच नासतं. ज्या नळ्यांना ते लागतं त्या बाहेरून मुठीत चेपल्यासारख्या आवळतात. ही मूठ चार-पाच दिवसांनी वळायला लागते आणि कुणाची कधी वळेल ते सांगता येत नाही.

"भाऊ शेतकरी ना तुमचा? मग असं समजा. कॅनॉलला पाणी आहे. पण चारी बुजली की टेलचं, पार शेवटचं वावर जळतं. तसं."

त्यासाठी एक पिवळी गोळी होती. एका वेळी दोन, दर चार तासांनी, दिवसा आणि रात्री, तीन आठवडे. मी विचारलं, म्हणजे ही गोळी नळ्या मोकळ्या करते का? ते थोडं हसले.

"आधी तसंच वाटायचं. पण फोटो काढून बघितलं तर मोठी नळी गोळी घेऊनही तशीच आवळलेली. तरी गोळी घेणारी माणसं न घेणाऱ्यांपेक्षा बरी राहतात. मग ती काम कुठं करते? बहुतेक बारीक नळ्यांत. ज्या फोटोत दिसत नाहीत तिथं."

"बहुतेक?"

"बहुतेक. खोटं कशाला सांगू?"

त्या गोळीचा एक दोषही त्यांनी सांगितला. ती सगळ्या अंगातल्या नळ्या सैल करते, त्यामुळे रक्तदाब उतरतो. फार उतरला तर त्याच बारीक नळ्यांत रक्त ढकलायला जोर उरत नाही. म्हणून दर वेळी आधी रक्तदाब बघायचा आणि तो कमी असेल तर गोळ्या विभागून द्यायच्या. पण चुकवायच्या नाहीत. हे मी वहिनींना सांगितलं, दादाच्या मुलाला सांगितलं. वहिनी मान हलवत होत्या. भाचा ऐकतच नव्हता.

भाचा पंचविशीचा, पुण्याला कंपनीत कामाला. निरोप मिळाल्यावर तो थेट दवाखान्यात आला होता आणि काचेतून बापाचं बोडकं, टाके घातलेलं डोकं बघून भिंतीवर बुक्क्या मारत राहिला होता. बोटांची सालटं निघाली.

"डोक्यावर जखम नाही रे," मी म्हणाले. "आतली नळी फुटली."

"जखम दिसत न्हाय म्हंजे मार न्हाय का, आत्या? मुका मार असतो."

"डॉक्टर सांगतायत ना."

"डॉक्टर बांधावर हुता का?"

"तू तरी होतास का?"

"माझी आई हुती." तो माझ्याकडं वळला. "तुमचं काय, तुमी दोन्ही घरच्या. राखी तिकडं बी बांधता. तुमाला दोन्ही ताटं चालत्यात."

हे खरं होतं. लेक लग्न होऊन गेली की तिला भावकीचं भांडण लागत नाही. ती दोन्ही दारांत चहा पिते. आणि म्हणूनच तिच्या शब्दाला दोन्हीकडं वजन नसतं.

तो त्याच दिवशी गावी गेला आणि दिवस मावळता मावळता त्यानं चुलतभावाची कडब्याची गंजी पेटवली. शेजारी गाय बांधलेली होती. चुलतभावाच्या बायकोनं पेटत्या दाव्याला हात घालून ती सोडवली. तिच्या दोन्ही तळव्यांची कातडी सोलून आली. गाय एका कुशीला भाजली आणि विव्हळत गावभर पळाली, तिच्यामागं जळल्या केसांचा वास. भाच्यानं त्यांच्या ठिबकच्या नळ्या कोयत्यानं तुकडे तुकडे करून विहिरीत टाकल्या. चुलतभावाची मोटार वर ओढून दगडानं फोडली. हे सगळं होत असताना चुलतभाऊ उमरग्याला, सूज उतरल्यावर, हाताला प्लास्टर घालून घेत होता. परत आल्यावर त्यानं पोलिसांत तक्रार दिली नाही. गाव म्हणालं, बघा, केलंय म्हणून गप हाय.

दादा मात्र शुद्धीवर येत होता. अतिदक्षता विभागातून त्याला वॉर्डात आणलं. तिथं सिस्टर रक्तदाब बघायची आणि पिवळ्या गोळ्या वहिनींच्या हातावर ठेवून पुढच्या खाटेकडं जायची. मी धाराशिवहून एसटीनं येऊन-जाऊन करत होते. एका दुपारी मी त्याला पातळ भात भरवत होते तेव्हा तो अचानक, नीट, म्हणाला:

"त्याचा हात कसा हाय?"

"कुणाचा?"

"आगं त्याचा. म्या मोडला न्हवं का."

मी चमचा खाली ठेवला. मग त्यानं सगळं सांगितलं, मी वर लिहिलं तसं. दुसऱ्या घावापर्यंत. "त्यानं हात उचलला न्हाय. मी डोस्क्यातच घालणार हुतो त्याच्या. जीवच घेणार हुतो. देवानं माझंच डोस्कं फोडलं."

"दादा, तुझा मुलगा त्याला मारायला टपलाय. त्याची गंजी जाळली. तू सांग त्याला."

त्यानं भाताची वाटी बाजूला सारली. "एकट्याला सांगून काय हुतंय? त्यो म्हणंल, भ्रमात हाय. भावकी येणार हाय न्हवं भेटायला? सगळ्यांदेखत सांगतो. भावकीत बोललेलं फिरत न्हाय."

आमच्याकडं ते खरंच फिरत नाही. आणि भांडण कितीही पेटलेलं असो, भावकीतलं माणूस दवाखान्यात असलं की भेटायला जावंच लागतं. जो जात नाही त्याला तीन पिढ्या नावं ठेवतात. म्हणून जीप येणार होती आणि त्या जीपमध्ये प्लास्टर घातलेला चुलतभाऊही येणार होता. भाच्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, येऊ द्या, बरंच झालं. वहिनींचं वेगळंच चाललं होतं.

"त्याच्याम्होरं ह्यांनी मान टाकून पडल्यालं दिसाय नको," त्या मला म्हणाल्या. "ही गोळी लई वाईट बघा वन्सं. घेतली की माणूस पांढरा पडतोय. बसवलं तर चक्कर. बोलणं बी वढल्यावानी. जीवच काढून घेती. भावकी म्हणंल, संपला."

"वहिनी, ती चुकवायची नाही."

"न्हाय वो. म्या म्हणतीय नुसतं."

भावकी यायची त्या दिवशी सकाळी मी पोचले तर दादा उशांना टेकून ताठ बसला होता. चेहऱ्यावर रंग होता. वहिनींनी त्याला धुतलेला सदरा घातला होता आणि टाक्यांवरून पांढरा टॉवेल फेट्यासारखा बांधला होता. इतका चांगला तो आजारात कधीच दिसला नव्हता. मला बरं वाटलं. वहिनी पदराचा शेव मुठीत धरून खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

भावकी आली. वॉर्डात एवढी माणसं सोडत नाहीत, पण आमची माणसं शिरतात. म्हातारे पुढे, त्यांच्यामागं बायका, मोसंब्यांच्या पिशव्या. "काय पैलवान! लई आराम चाललाय." "एवढं झालं तरी टॉवेल झ्याक बांधलाय." दादा हसला. मला त्याच्या हसण्यात काहीतरी वाकडं वाटलं, पण ते मला आत्ता आठवून वाटतंय की तेव्हाच वाटलं होतं, हे सांगता येणार नाही.

चुलतभाऊ सगळ्यांच्या मागून आला. हात गळ्यात अडकवलेला. माणसं बाजूला झाली. तो खाटेजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "कसं हाय, दादा?"

दादानं त्याच्याकडं बघितलं. मग सगळ्यांकडं. बोलायला तोंड उघडलं.

"ह्याला," तो म्हणाला. "ह्याला… पाणी."

वहिनींनी तांब्या पुढे केला. त्यानं डोक्यानं नकार दिला. "पाणी… पाळी… दांडा… पाणी पाणी." शब्द त्याच्या तोंडातून दगड पडावेत तसे पडत होते आणि ते चुकीचे आहेत हे त्याला कळत होतं. मी त्याचे डोळे बघितले. इतकी भीती मी माणसाच्या डोळ्यांत बघितली नव्हती. त्यानं उजवा हात स्वतःच्या छातीकडं न्यायचा प्रयत्न केला. हात उचलला गेलाच नाही, मांडीवर मेलेल्या जनावरासारखा पडून राहिला. मग त्यानं डावा हात उचलला आणि चुलतभावाच्या प्लास्टरकडं दाखवलं. मी मोडलं, हे सांगायला.

भाच्यानं त्याचा वेगळाच अर्थ घेतला.

"बघा! बाप दाखवतोय! बाप दाखवतोय बघा कुणी मारलं!"

त्यानं सलाइनचा स्टँड उपटला. बाटली फरशीवर आपटून फुटली. पहिला घाव प्लास्टरवर बसला, प्लास्टर तडकलं आणि आत नुकतं जुळायला लागलेलं हाड पुन्हा मोडलं. चुलतभाऊ ओरडला नाही, त्याच्या घशातून नुसती हवा आली. दुसरा घाव तोंडावर. रक्त आणि दाताचा तुकडा दादाच्या चादरीवर उडाला. बायका किंचाळत भिंतीला चिकटल्या, मोसंबी पायांखाली फुटली. म्हाताऱ्यांनी भाच्याला मागून धरलं तर त्यानं एकाच्या पोटात कोपर घातलं. चुलतभावानं चांगल्या हातानं खाटेची कड धरून ठेवली होती. तो पडला नाही आणि त्यानं हात उचलला नाही.

"मार," तो रक्त थुंकत म्हणाला. "पण हितं नको. त्यो बघतोय."

दादा बघत होता. त्याचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि त्यातून तोच एक शब्द येत होता, पाणी, पाणी. सिस्टरनं त्याच्याकडं बघितलं आणि डॉक्टरांना हाक मारत पळाली.

पुन्हा फोटो काढले. डॉक्टरांनी मला बोलावून दाखवलं. मोठ्या नळ्या थोड्या आवळल्या होत्या, फार नाही. तरी डाव्या बाजूचा मोठा भाग करपायला लागला होता. "ह्या मोठ्या नळ्या बघता एवढं नुकसान व्हायला नको," ते म्हणाले. "बारीक नळ्या मिटल्यात." त्यांनी औषधांनी रक्तदाब चढवला, नळीतून औषध सोडलं, जे जे असतं ते केलं. मेंदू सुजत गेला. कवटीत सुजेला जागा नसते. ती आतल्या आत, स्वतःलाच चेपत जाते. दादा परत बोलला नाही. आठवडा पुरा व्हायच्या आत तो गेला, आणि त्याच्याबरोबर ते एक वाक्य गेलं जे त्याच्या मुलानं फक्त त्याच्याच तोंडून ऐकलं असतं.

त्याला आमच्याच वावरात, विहिरीच्या वरच्या अंगाला अग्नी दिला. चुलतभावाला गावकऱ्यांनी तेव्हा लांबच थांबवलं. पण सुतक त्यालाही होतं. ज्यानं मारलं असं गाव म्हणत होतं, त्याच्याच घरात आमच्याइतकंच सुतक, चूल आमच्यासारखीच बंद. राख सावडायच्या दिवशी तो आला. डोक्याचा गोटा केलेला, ओठ शिवलेला, हाताला नवं प्लास्टर. भावकीनं राख सावडायची असते. त्याला न येऊन चालणार नव्हतं.

भाचा फावड्यानं राख सारखी करत होता. चुलतभावाला बघून तो सरळ झाला.

"माझ्या बापाच्या हाडाला हात लावायचा न्हाय."

"भावकीचं काम हाय बाळा," एक म्हातारा म्हणाला.

"भावकी?" भाच्यानं फावडं दोन्ही हातांनी धरून खांद्यामागं नेलं. पातं वर, धार चुलतभावाच्या मानेकडं. दादानं दांडा असाच धरला असणार. "आज हिथंच घालतो ह्याला. एका राखंत दोघं."

कुणी हललं नाही. बायकांत कडेला बसलेल्या वहिनी उठल्या. त्या राखेतून चालत गेल्या, अनवाणी, आत अजून निखारे होते, आणि दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. पदराचा शेव पुढे घेतला. त्याची गाठ सुटेना. दातांनी सोडली. तळहातावर चार पिवळ्या गोळ्या होत्या, घामानं रंग सुटलेल्या.

"ह्या बघ. त्या दिवशीच्या. पहाटंच्या दोन, सकाळच्या दोन. म्या दिल्या न्हाईत."

भाच्याला कळलं नाही. फावडं तसंच वर होतं.

"भावकीम्होरं ताठ बसावं म्हणून दिल्या न्हाईत. आन मारलं मारलं म्हणून म्याच बोंबलले. म्या बघितलं कुठं हुतं? म्या लांब हुते. दांडा तर ह्यांच्याच हातात हुता." त्यांनी तळहात त्याच्या तोंडासमोर नेला. "मारणाऱ्याला मारायचंय न्हवं तुला? मार की. मार!"

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. "आत्या?"

"दांडा दादानंच घातला," मी म्हणाले. "मला त्यानं स्वतः सांगितलं. तुला सगळ्यांदेखत सांगणार होता. तेच सांगत होता."

"आन गोळ्या?"

वहिनीही माझ्याकडं बघत होत्या. गोळ्यांचा तळहात त्यांनी तसाच पुढे धरला होता. मी डॉक्टरांना हे विचारलेलं नव्हतं, पण उत्तर मला ठाऊक होतं. दोन पाळ्या चुकल्यानं होतंच असं नाही. होत नाही असंही नाही. ज्या नळ्या फोटोतच दिसत नाहीत त्या कशानं मिटल्या हे कुणी सांगू शकत नाही. या उत्तराचे दोन्ही भाग खरे आहेत. मी त्यातला एकच भाग तिथं बोलले.

"सगळ्या गोळ्या वेळेवर घेऊनही माणसं जातात," मी म्हणाले.

भाचा वळला. विहिरीवर गेला आणि फावडं स्टार्टरच्या पेटीवर घातलं. पत्रा चिरला. पुन्हा घातलं, पुन्हा, आणि प्रत्येक घावाला त्याच्या तोंडून जनावरासारखा आवाज येत होता. वायरी तुटून लोंबल्या, पेटी खांबावरून निखळून कठड्यावर आदळली आणि विहिरीत गेली. तो खांबावरच मारत राहिला. फावड्याचा दांडा मोडला तेव्हा थांबला. कुणी त्याला धरायला गेलं नाही.

इकडं चुलतभाऊ राखेशी उकिडवा बसला आणि डाव्या हातानं हाडं वेचायला लागला. डावा हात या कामाला चालत नाही. एक म्हातारा काहीतरी बोलणार होता, त्याच्या प्लास्टरकडं बघून गप बसला. थोड्या वेळानं भाचा परत आला. तळहात फाटले होते. तो चुलतभावासमोर बसला आणि अस्थींचं मडकं उचलून त्याच्या हाताजवळ धरलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

डोक्याकडच्या बाजूला चुलतभावाच्या बोटांना काहीतरी लागलं. त्यानं ते राखेतून काढून फुंकलं. नखाएवढी धातूची चिमटी, काळी पडलेली, पण मिटलेली, घट्ट.

"हे काय, ताई?"

"त्याच्या डोक्यात लावलेली. फुटलेल्या नळीला."

त्यानं ती उलटीपालटी करून बघितली. "सुटली न्हाय की."

"नाही," मी म्हणाले. "ती नळी पुन्हा फुटली नाही."

तो चिमटी मडक्यात टाकणार होता. मग थांबला आणि ती भाच्याच्या फाटलेल्या तळहातावर ठेवली. भाच्यानं मूठ मिटली. दुसऱ्या हातानं मडकं तसंच धरून ठेवलं.